बंद करावयाच्या विंधन विहिरी

गफूर मिस्त्री कुणाच्या घरी गेला आणि बाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, की तो आधी विचारायचा, "कोणत्या पंपाचं?" बाई सांगायची, शाळेपुढचं, नाहीतर पाराजवळचं. मग तो मनाशी काहीतरी पडताळून पाहायचा आणि एकतर तांब्या तोंडाला लावायचा, नाहीतर "तहान न्हाई" म्हणून खाली ठेवायचा. नवख्या माणसाला वाटायचं, मुसलमान माणूस आहे, आपल्या भांड्यातून प्यायला संकोचत असेल. एखादी बाई भांडं बदलून आणायची. त्याचं भांड्याशी काही नव्हतं. कोणत्या पंपाचं पाणी प्यायचं नाही हे त्याचं ठरलेलं होतं, आणि का, ते तो चारचौघांत सांगत नसे. मी एकदा फारच मागं लागलो तेव्हा म्हणाला, "पंप माझ्याच हातचे हायेत, जोशीसाब. आपल्याच लेकराची बदनामी आपण काहून करावी?"

हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या पंचायत समितीत तो हातपंप मेकॅनिक होता आणि मी त्याच पाणीपुरवठा शाखेत लिपिक. कोणता तालुका आणि कोणतं गाव ते मी लिहीत नाही. गावाच्या पाण्याला नाव पडलं की पोरींना स्थळं यायची बंद होतात, आणि त्या गावात लग्नाच्या पोरी पुष्कळ आहेत.

उंचीनं तो बेताचाच होता, पण जमिनीतून लोखंडी पाइप ओढून ओढून खांदे रुंद झालेले. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. तरुणपणी पंपाच्या साखळीत गेलेलं. खाकी शर्टाच्या खिशात दाढी करायचा गोल आरसा असायचा. कोणताही बोर दिसला की तो मोपेड उभी करायचा, आरशानं उन्हाचा कवडसा बोरच्या तोंडात सोडायचा आणि एक डोळा मिटून आत पाहत राहायचा. पाणी किती खाली आहे, भिंतीतून पाझर कुठं आहे, आत काय पडलंय, हे तो त्या कवडशात बघून सांगायचा. पुढं मी फायलींतल्या खोदाईच्या नोंदींशी त्याचे अंदाज ताडून पाहिले. फरक पडला असेल तर हातभर. दोन ठिकाणी तर नोंदच खोटी निघाली.

आमच्या भागात सोयाबीन, तुरीसाठी लोकांनी रान चाळणीसारखं करून ठेवलंय. बोर घ्यायचा, पाणी नाही लागलं की चार हातांवर दुसरा घ्यायचा. न लागलेल्या बोरच्या तोंडात दगड कोंबायचा, नाहीतर पोतं, आणि विसरून जायचं. या तोंडांनी गफूर हैराण व्हायचा. म्हणायचा, "फेल गेलेला बोर मेलेला नसतोय, साब. त्याचं तोंड उघडंच असतंय. वरून जे पडंल ते गिळतंय. आन् खाली समद्यांचं पाणी एकाला एक लागून हाय." हे तो सगळ्यांना सांगायचा. सरपंचाला, ग्रामसेवकाला, चहाच्या टपरीवर बसलेल्या जीपवाल्यांनासुद्धा. लोक ऐकून घेत. एखादा म्हणायचा, मिस्त्रीला बोरचं वेड लागलंय.

एकदा एका सरपंचांची तक्रार आली की मेकॅनिक पंप दुरुस्त करायला आला आणि दांडाच काढून घेऊन गेला. गेलाच होता. पंपाभोवतीचा ओटा फुटलेला, गुरं धुतलेलं पाणी चिरेतून आत जायचं. ओटा बांधतो असं सरपंच दोनदा म्हणाले होते. तिसऱ्या खेपेला गफूरनं दांडा मोपेडला बांधून आणला आणि माझ्या टेबलाखाली ठेवला. कारणे दाखवा नोटीस मीच टाइप केली आणि मीच त्याला वाचून दाखवली. त्यानं सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, ओट्याचं यात काय लिहिलंय? ओट्याचं त्यात काही नव्हतं. आठवड्यात ओटा झाला, दुसऱ्या दिवशी दांडा बसला. गफूरची त्या वर्षीची वेतनवाढ मात्र गेली.

वाचून दाखवली म्हणालो, कारण त्याला मराठी वाचता येत नव्हतं. उर्दू चांगलं यायचं, सहीही उर्दूतच करायचा. एका नव्या साहेबांनी हे चालणार नाही म्हणून सांगितलं. मग पन्नाशी ओलांडलेला हा माणूस महिनाभर दुपारच्या सुट्टीत माझ्यापुढं वही घेऊन बसला. खुर्चीवर नाही, खुर्चीवर तो कधीच बसत नसे, स्टोअररूमच्या उंबऱ्यावर बसायचा. तीन अक्षरं गिरवायची होती. त्यातला 'फू' त्याला फार छळायचा, उकार उलटा यायचा. शेवटी जमलं तेव्हा त्यानं मला बाहेर नेऊन भजी खाऊ घातली. मराठीत तो आयुष्यभर तेवढंच लिहू शकला. स्वतःचं नाव.

त्याचा सगळ्यात आवडता पंप एका गावाच्या खालच्या आळीत होता, लिंबाखाली. त्याला कारण होती संगीता. मध्यंतरी प्रत्येक पंपाला गावातली एक बाई काळजीवाहक म्हणून नेमायची पद्धत आली होती. बहुतेक गावांत नाव बाईचं असायचं आणि प्रशिक्षणाच्या दिवशीचा भत्ता न्यायला नवरा यायचा. इथं संगीता स्वतः आली. नवीन लग्न होऊन आलेली, अंगानं किरकोळ. पदर खोचून, मोठा पाना दोन्ही हातांनी धरून तिनं पहिल्याच दिवशी पंपाचं डोकं उघडलं. वर्षभरात ती वायसर स्वतः बदलू लागली. सगळ्या तालुक्यात हे करणारी दुसरी बाई नव्हती. गफूर कुणाची स्तुती करणारा नव्हता, पण तिचा विषय निघाला की त्याला थांबवावं लागायचं. नुसत्या आवाजावरून पोरगी सांगते, वायसर गेला की साखळी सैल झाली, असं तो साहेबांनाही सांगून आला होता. ती त्याला चाचा म्हणायची. रमजान ईदला तो तिच्या घरी शिरखुर्म्याचा डबा पोचवायचा आणि दिवाळीला तिच्याकडचा डबा भरून आणायचा. त्यातल्या करंज्या आम्ही ऑफिसात खाल्ल्या आहेत.

त्या पंपाच्या वरच्या अंगाला, चढावर, बापूरावांचं दुमजली घर होतं. बापूराव गावातले वजनदार गृहस्थ. सरकारी माणूस कामाला आला तर जेवल्याशिवाय त्याला जाऊ देत नसत. मीही त्यांच्याकडं जेवलोय. त्यांच्या परसात एक कोरडा बोर होता. घर बांधताना त्यांनी संडासाच्या टाकीचा पाइप त्या बोरमध्ये सोडून दिला. यात काही वावगं आहे असं त्यांना खरंच वाटत नसावं, कारण पंगतीत ते कौतुकानं सांगत, "एवढी वरसं झाली, आमची टाकी एकदाबी उपसावी लागली न्हाई." गफूरनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो ताटावर बसलेला होता. तो तसाच उठला, हात धुतले आणि परसात जाऊन पाइप बघून आला. पुन्हा त्या घरी जेवला नाही.

पावसाळ्यात संगीतानं त्याला सांगितलं की पाण्याला वास येऊन राहिला. गफूरनं साहेबांना सांगितलं. साहेबांनी पुरावा मागितला. बोर वर, पंप खाली, मधे एवढं अंतर; याचं त्यात जातं कशावरून?

तेव्हा गफूरनं आपल्या पैशानं खड्या मिठाची दोन पोती विकत घेतली. बापूराव लग्नाला बाहेरगावी गेलेले पाहून तो परसात गेला, बोर साफ करायचा आहे असं गड्याला सांगितलं, आणि मीठ पाण्यात कालवून सगळं त्या बोरमध्ये ओतलं. मग संगीताला म्हणाला, रोज सकाळी पंपाचं पहिलं पाणी जिभेला लावून बघ. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "चाचा, खारट हाय." एवढंच म्हणाली.

तो बाटली भरून घेऊन आला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी टोपण उघडून वास घेतला, चाखलं नाही. नमुना प्रयोगशाळेकडं पाठवायला सांगितलं, मी पाठवला. क्षारांचं प्रमाण जास्त असल्याचा अहवाल आला. क्षार कुठून आले ते लिहायला त्या अहवालात रकाना नव्हता. बापूरावांना पाइप काढून टाकण्याबाबत पत्र द्यावं अशी टिपणी मी ठेवली. ती 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन माझ्याकडं परत आली. मी चर्चेला गेलो नाही आणि साहेबांनी बोलावलं नाही.

त्यानंतर गफूर निवृत्त झाला. त्याच्या जागी कुणी आलं नाही. नळयोजना झाल्या होत्या, हातपंप म्हणजे जुनी गोष्ट असं वरचं मत होतं. नळाला आठ आठ दिवस पाणी नसायचं तेव्हा लोक पंपावरच यायचे, पण मत बदललं नाही.

आणि मग ती योजना आली. वापरात नसलेल्या विहिरी आणि बोर शास्त्रीय पद्धतीनं बुजवणाऱ्याला अनुदान. भूजल दूषित होऊ नये म्हणून. मी गफूरला फोन केला. तो तासाभरात आला, उंबऱ्यावर बसला आणि परिपत्रक सगळं वाचा म्हणाला. बोर आधी साफ करायचा, मग खडी, मग वाळू, मग चिकणमातीचे थर ठोकत आणायचे आणि वर सिमेंट. तो भाग त्यानं माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. मी त्याला इतकं खूष कधीच पाहिलं नव्हतं. "कुणीतरी बराबर लिहिलंय," तो म्हणाला. "हे लिहिणाऱ्यानं बोर पाह्यलेला हाय."

पुढं अटी होत्या. सातबाऱ्यावर बोरची नोंद पाहिजे. काम आधी स्वतः करायचं, मदत नंतर. बुजवण्याआधीचा आणि नंतरचा फोटो, जागेच्या अक्षांश-रेखांशासह. आता न लागलेल्या बोरची नोंद सातबाऱ्यावर कोण करून घेतो? गफूर दोन महिने लोकांना घेऊन तलाठ्याकडं खेटे घालत राहिला. जे बोर बुजवायला हवे होते ते कागदावर नव्हतेच, आणि जे कागदावर होते त्यांना पाणी होतं.

गयाबाईची गोष्ट त्याच दिवसांतली. सेनगावच्या वाटेवर तिचं रान, त्यात एक आटलेली आडासारखी अरुंद विहीर. सगळा शिवार फवारणीच्या रिकाम्या बाटल्या त्यात टाकायचा, मेलेलं कुत्रंसुद्धा. हिच्या विहिरीची नोंद मात्र होती, नवऱ्याच्या हयातीतली. गफूरनं तिला सांगितलं, मावशी, सरकार मदत देऊन राहिलं, बुजवून टाकू. त्या दोघांनी ती विहीर तळापर्यंत उपसली. बाटल्यांचा ढीग बांधावर घातला. मग परिपत्रकात होते तसे थर. मी बघायला गेलो होतो. म्हातारी माती घालायची आणि गफूर आत उतरून पायांनी चोपायचा. काम झालं, कागद आले, आणि प्रस्ताव परत गेला. आधीचा फोटो नव्हता. गफूरच्या साध्या फोनवर फोटो निघत नव्हता आणि गयाबाईकडं फोनच नव्हता.

मी साहेबांपुढं तिला उभी केली. साहेब कागद चाळत सहज म्हणाले, "असं करा, पुन्हा उघडा, फोटो काढा आणि मग बुजवा." त्यांना वाटलं त्यांनी मार्ग काढून दिला. गयाबाईला ते नीट ऐकू आलं नाही. तिनं गफूरकडं पाहिलं. गफूर म्हणाला, "साहेब म्हणून राहिले, काम चांगलं झालं." आणि तिला घेऊन बाहेर गेला.

तरी त्यानं सोडलं नाही. एकटे लोक अर्ज करू शकत नसतील तर ऑफिसनंच एकत्रित प्रस्ताव पाठवावा असं त्याच्या डोक्यात आलं. त्यासाठी यादी हवी. तीन दुपारी तो उंबऱ्यावर डोळे मिटून बसला आणि सांगत गेला. मी लिहीत गेलो. गाव, कुणाचं रान, कोणत्या झाडाजवळ, किती खोल, आत काय पडलंय. एकदाही अडला नाही. पहिलं नाव त्यानं बापूरावांच्या परसातल्या बोरचं लिहायला लावलं. मी वर शीर्षक दिलं: 'बंद करावयाच्या विंधन विहिरी'. चार पानं झाली. शेवटच्या पानावर त्यानं तांत्रिक माहितगार म्हणून सही केली. ग, मग जपून फू, मग र. साहेबांनी यादी पाहून चांगलं काम केलं म्हणून सांगितलं, आणि ती कपाटात गेली.

मार्च आला तेव्हा योजनेचा निधी तसाच पडून होता. परत गेला तर साहेबांवर ठपका येणार होता. तेव्हा कपाटातली यादी बाहेर आली. एक ठेकेदार आला. सातबाऱ्यावरच्या नोंदीच्या ज्या अटीपायी लोक अडले होते, ती अट त्या पंधरा दिवसांत कुणाला आठवली नाही. ठेकेदाराच्या माणसांनी गफूरच्या यादीवरच्या प्रत्येक बोरच्या तोंडावर एक फरशी ठेवली, तिला पांढरा रंग दिला, वर क्रमांक टाकला, फोटो काढला. आत घमेलंभर माती गेली नाही. बापूरावांच्या परसातला पाइपसुद्धा तसाच राहिला; फरशीला बाजूनं खाच पाडून घेतली.

प्रस्तावाला तांत्रिक माणसाचा दाखला लागणार होता. साहेब माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, कामं पावसाळ्याआधी खरंच पुरी करून घेऊ, आत्ता फक्त शीर्षक दुरुस्त करा. मला निवृत्तीला सहा महिने होते. मी पहिलं पान पुन्हा टाइप केलं. 'करावयाच्या'च्या जागी 'केलेल्या' एवढाच बदल. बाकीची तीन पानं तीच, शेवटच्या पानावरची सही तीच. दहा मिनिटांचं काम होतं. पान बदलून मी टाचणी पुन्हा त्याच भोकांत घातली.

कामं पावसाळ्याआधी पुरी झाली नाहीत.

ऑगस्टमध्ये त्या गावाच्या खालच्या आळीत कावीळ सुरू झाली. आधी चार घरांत, मग आळीभर. बहुतेक जण महिन्याभरात उठून बसले. संगीताला सातवा महिना होता. गावच्या आशा कार्यकर्तीनं तिला हिंगोलीला नेलं, तिथून नांदेडला न्यायला सांगितलं. गाडी वसमतच्या पुढं गेली आणि तिचं बोलणं बंद झालं. नांदेडला पोचेपर्यंत ती नव्हती, आणि पोटातलं लेकरूही. ज्या पंपाची ती इतकी वर्षं निगा राखत होती, त्याच पंपाचं पाणी ती शेवटच्या दिवसापर्यंत पीत होती. नवरा सांगायचा, घरात ती सगळ्यांना नळाचं पाणी ठेवायची, आणि ते पुरलं नाही की आपण पंपाचं घ्यायची.

चौकशी आली. पंपाचं पाणी दूषित निघालं. जवळपास दूषित होण्याचं कारण काय, असा प्रश्न होता. बापूरावांच्या परसातल्या फरशीवर क्रमांक होता, रंग होता, आणि फायलीत कागद होता की हा बोर बंद केलेला आहे, खाली गफूरची सही. पथकातल्या कुणी फरशी उचलून पाहिली नाही. अहवालात लिहिलं गेलं की बंद केल्याचं प्रमाणित करणाऱ्या माहितगाराचा खुलासा घ्यावा.

नोटीस घेऊन गफूर माझ्याकडंच आला. दुसऱ्या कुणाकडं जाणार? मी त्याला ती वाचून दाखवली. माझा आवाज नीट निघत होता, हे मला अजून आठवतं आणि अजून लाज वाटते. ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, "बंद केल्या असं आपण कुठं लिहिलं होतं?"

मी म्हणालो, "फाइल बघावी लागेल."

त्यानं नोटिशीची घडी घालून खिशात ठेवली आणि तो गेला.

गावात बातमी आपसूक पोचली: मिस्त्रीनं पैसे खाऊन खोटी सही केली. संगीताच्या महिन्याच्या श्राद्धाला तो गेला तेव्हा तिच्या नवऱ्यानं त्याला वेशीतच अडवलं. मारलं नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, की ती तुम्हाला चाचा म्हणत होती, आता परत या गावात येऊ नका. पेन्शनच्या कागदांना चौकशीचा शेरा लागला. गफूरनं खुलासा दिला नाही. देणार कसा, लिहून कोण देणार होतं? मी लिहून देतो म्हटलं असतं तर कदाचित. तो पुन्हा आला नाही आणि मी गेलो नाही.

शेवटी त्या गावाबद्दल निर्णय झाला. पंप कायमचा बंद करायचा आणि टँकर लावायचा. बापूरावांच्या बोरबद्दल निर्णय करायचा प्रश्न नव्हता. तो बंदच होता. संगीताच्या पंपाचे खालचे पाइप काढायचे होते, आणि ते काम येणारं माणूस ऑफिसात उरलं नव्हतं. साहेबांनी रोजंदारीवर गफूरला बोलावून घ्यायला सांगितलं. मला वाटलं तो येणार नाही. तो सकाळी सातलाच येऊन लिंबाखाली उभा होता. पंचनाम्यासाठी मी गेलो होतो. माझ्या नोकरीचा तो शेवटचा आठवडा.

आळीतल्या बाया दारांत उभ्या होत्या. कुणी मदतीला आलं नाही. ऑफिसचे दोन शिपाई आणि तो. त्यानं पंपाचं डोकं उतरवलं, पाइप ओढायची लोखंडी तिपाई उभी केली, आणि एकेक पाइप वर घेतला. प्रत्येक पाइप फडक्यानं पुसून लिंबाच्या बुंध्याशी ओळीनं ठेवला. दुपारपर्यंत सगळे निघाले. आदेशाप्रमाणे आता फक्त लोखंडी झाकण बसवायचं होतं. तेवढ्यात एक टेम्पो आला. त्यात खडी होती, वाळू होती, चिकणमाती होती, सिमेंटच्या गोण्या होत्या. गफूरनं स्वतः मागवल्या होत्या.

मी म्हणालो, मिस्त्री, आदेशात फक्त झाकण आहे. तो खडी टाकायला लागला. दोरीला वजन बांधून थर मोजत होता, थांबत होता, पुन्हा टाकत होता. ऊन उतरायला लागलं तेव्हा तो मातीवर आला. शिपाई चहाला गेले होते. मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो आणि म्हणालो की पहिलं पान मी बदललं.

त्याचा हात थांबला नाही. घमेलं रिकामं करून त्यानं दुसरं भरून घेतलं.

"मालूम हाय," तो म्हणाला.

मग माती ठोकता ठोकता, माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला मराठी वाचता येत न्हाई, जोशीसाब. म्हणूनच तर तुमच्याकडून लिहून घेतलं होतं."

नोकरी संपली, पेन्शन लागली, आणि चौकशीत पुढं होऊन खरं सांगण्याचं धाडस मी त्या आठवड्यातही केलं नाही, नंतरही नाही. साहेबांची बदली होऊन बढती झाली. हे आता लिहितोय, तर ते वाचून कुणाचं काय वाकडं होणार नाही, एवढं ठाऊक असल्यामुळंच लिहितोय.

संध्याकाळी त्यानं वर सिमेंट घातलं आणि हाताच्या तळव्यानं ते सपाट केलं. मी पंचनामा लिहिला: सदर विंधन विहीर शास्त्रीय पद्धतीने कायमस्वरूपी बंद करण्यात आली. त्या योजनेच्या काळात सबंध फायलीत मी लिहिलेलं तेवढं एक वाक्य खरं होतं, आणि ते अशा बोरबद्दल होतं ज्याच्यात काही खोट नव्हती.

हात धुवायला पाणी नव्हतं. टँकर अजून यायचा होता. गफूरनं कोरडी माती तळव्यांवर चोळली, पाने-पकडी गोळा करून पिशवीत घातल्या आणि मोपेड ढकलत चढावर निघाला. बापूरावांच्या परसाच्या भिंतीशी तो थांबला. आत संडासात कुणीतरी बादली उपडी केली असावी. पाइपातून पाणी खाली पडत गेल्याचा आवाज मला खालच्या अंगालासुद्धा ऐकू आला, खोल आणि बराच वेळ. गफूर मान तिरकी करून तो आवाज थांबेपर्यंत उभा राहिला. मग त्यानं मोपेड सुरू केली आणि गावाबाहेर गेला.